घरचा सोडा आणि मोजकी गोडी

मे महिना उजाडला की चेन्नईत 'अग्निनक्षत्र' लागते. सुमारे पंचवीस दिवसांच्या ह्या उन्हाला तेथील लोक 'कत्तिरि वेयिल' म्हणतात. पारा कित्येकदा ४० अंशांच्या वर चढतो. त्यात समुद्रावरून येणारी हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही आणि जिवाची काहिली होते. अशा दुपारी खेळून घरी आलेले मूल साधे पाणी मागत नाही. त्याला काही तरी थंड, गोड आणि नाकाला झिणझिण्या आणणारे हवे असते. दोष मुलाचा नाही. बुडबुड्यांच्या पाण्याचे आकर्षण थोरामोठ्यांनाही सुटलेले नाही. प्रश्न एवढाच आहे, की ती हौस घरच्या घरी, आपल्या देखरेखीखाली आणि बेताच्या गोडीने पुरविता येईल काय? येते. ती कशी, ह्याचा विचार ह्या वेळी करू.

सोड्याचे शहर

चेन्नईला थंड पेयांचा इतिहास मोठा आहे. यंत्राने बर्फ तयार होऊ लागण्यापूर्वी अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतील बर्फ भुशात बांधून जहाजाने आपल्या बंदरांत येत असे. तो साठविण्यासाठी १८४२ साली मद्रासच्या किनाऱ्यावर एक गोलाकार इमारत उभी राहिली. 'आइस हाउस' ह्या नावाने ती आजही ओळखली जाते. पुढे १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथे झाला आणि आता ती त्यांचे स्मारक आहे.

सोड्याची कथा त्याहून जुनी. इंग्लंडातील जोसेफ प्रीस्टली ह्या शास्त्रज्ञाने १७६७ च्या सुमारास लीड्स येथील मद्याच्या भट्टीत, आंबणाऱ्या द्रवाच्या पृष्ठावर साचणारा वायू पाण्यात मुरविला आणि ते पाणी चवीला सुखद लागते, असे त्याला आढळले. १७७२ मध्ये त्याने ही कृती पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. पुढे कारखाने निघाले. परंतु वायू कोंडून ठेवणारी बाटली मिळेना. ती अडचण १८७२ मध्ये हायरम कॉड ह्या इंग्रज गृहस्थाने सोडविली. त्याच्या बाटलीच्या गळ्यात एक काचेची गोटी असते. बाटली उलटी धरून भरतात. मग आतील वायूचा दाबच ती गोटी तोंडाजवळील रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. बुचाची गरज नाही, तारेची नाही. अंगठ्याने गोटी आत ढकलली की 'फट्' असा आवाज होऊन सोडा उसळतो. हीच आपली गोटी सोड्याची बाटली. तमिळनाडूत तिला 'गोली सोडा' म्हणतात.

पुण्याच्या वाचकांना अर्देशीर ह्यांचा सोडा आठवेल; १८८४ पासूनची ती पेढी आहे. मुंबईकरांना पालनजींची रास्पबेरी आठवेल. तमिळ मुलखात तोच मान विरुदुनगर येथे १९१६ साली सुरू झालेल्या काळीमार्क ह्या पेढीचा. तिचे 'बोवोंटो' हे द्राक्षाच्या चवीचे काळसर पेय तेथील कित्येक पिढ्यांच्या जिभेवर रुळले आहे. २०१७ साली जल्लिकट्टूच्या आंदोलनानंतर तमिळनाडूतील व्यापारी संघटनांनी १ मार्चपासून परदेशी कंपन्यांची शीतपेये न विकण्याचे आवाहन केले, तेव्हा अशा देशी पेयांची पुन्हा आठवण झाली.

चेन्नईत आणखी एक नाव कानी पडते. ते म्हणजे 'पन्नीर सोडा'. नव्याने तेथे गेलेली मराठी गृहिणी हे ऐकून चमकते. परंतु ह्यात दुधाचे पनीर नसते. तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. गुलाबाच्या वासाचा हा गोड सोडा भरपेट जेवणानंतर आवडीने घेतला जातो.

हिशेब साखरेचा

देशी असो वा परदेशी, बाजारच्या गोड सोड्यात साखर किती असते, हे एकदा मोजून पाहावे. बहुतेक गोड शीतपेयांत १०० मिलिलिटरला सुमारे १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत ३० ते ३३ ग्रॅम, अर्थात सहा-साडेसहा चहाचे चमचे. कोणती आई आपल्या मुलाच्या पाण्याच्या पेल्यात सहा चमचे साखर घालील? पण बाटलीत ती दिसत नाही. गारव्यामुळे जिभेला तिची गोडीही पुरती कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेला सल्ला असा, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी शक्ती दिवसाच्या एकूण शक्तीच्या एक-दशांशाहून कमी असावी आणि शक्य तर ती आणखी निम्म्यावर आणावी. २,००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाला ही मर्यादा ५० ग्रॅम आणि शक्य तर २५ ग्रॅम पडते. पाच वर्षांच्या बालकाला दिवसाला सुमारे १,३५० कॅलरी लागतात असे धरले, तर त्याची मर्यादा ३४ ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे एका बाटलीतच त्याचा दिवसभराचा वाटा संपला. मग दुधातली साखर, बिस्किटे आणि शिरा कोणत्या खात्यावर मांडायचा?

हा प्रश्न चेन्नईत विशेष गांभीर्याने विचारला जातो, कारण मधुमेहावरील मोठे संशोधन त्याच शहरात चालते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने आणि चेन्नईच्या मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने देशभर जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात हे प्रमाण सर्वांत अधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. मधुमेहाची कारणे अनेक आहेत. आनुवंशिकता, बैठे काम, पोटाचा वाढता घेर, भाताचे ढीग ही सारी त्यांत येतात. एकट्या सोड्याला दोषी धरणे न्याय्य होणार नाही. परंतु ज्या घरात हा आजार पिढीजात आहे, तेथे मुलांच्या जिभेला लहानपणापासून किती गोडीची सवय लावावयाची, हे ठरविणे आईबापांच्या हाती आहे.

'नैसर्गिक' ह्या शब्दाचा अर्थ

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'नैसर्गिक गोडी' म्हणजे गूळ, ताडगूळ, मध, खजूर, फळांचा रस. हे पदार्थ साखरेहून कमी शुद्ध केलेले असतात. त्यांना स्वतःचा वास असतो, रंग असतो. गुळात लोह आणि इतर क्षार असतात, हेही खरे. पण चमचाभर गुळातून मिळणारे लोह ते कितीसे! त्या चमच्यातील बहुतांश भाग साखरच असते आणि शरीर तिला साखर म्हणूनच वागविते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मध, पाक आणि फळांचे रस ह्यांतील साखर मर्यादेच्या हिशेबातच धरली आहे. म्हणून 'ताडगूळ मधुमेह्यांना चालतो' असे कोणी सांगितले, तर त्यावर विसंबू नये. मधुमेही व्यक्तीने आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

मग घरचा सोडा करण्यात लाभ कोणता? तो दुहेरी आहे. पहिला म्हणजे गोडीचे माप आपल्या हाती राहते. बाजारच्या निम्म्याहून कमी गोडीतही पेय रुचकर करता येते. दुसरा असा, की सुंठ, वेलदोडा, लिंबू, उपळसरी ह्यांच्या खऱ्या वासामुळे जिभेला गोडीची उणीव भासत नाही. ज्या पेयात वास आणि आंबटपणा खरा असतो, त्याला साखरेचा आधार थोडा लागतो.

ताडगुळाविषयी दोन शब्द सांगण्यासारखे आहेत. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष. त्याच्या रसापासून केलेल्या काळसर, किंचित धुरकट वासाच्या गुळाच्या ढेपांना तेथे 'करुप्पट्टी' म्हणतात. महात्मा गांधींनी ग्रामोद्योगांत ताडगुळाचा हिरिरीने पुरस्कार केला होता आणि स्वातंत्र्यानंतर गजानन नाईक ह्यांनी भारत सरकारचे ताडगूळ सल्लागार म्हणून ह्या धंद्याच्या वाढीसाठी परिश्रम केले. करुप्पट्टी न मिळाल्यास कोल्हापुरी गूळही उत्तम चालतो. मात्र फार पिवळाधमक गूळ घेऊ नये, काळसर घ्यावा.

सुंठवडा आणि पानकम्

रामनवमीला महाराष्ट्रात सुंठवड्याचा प्रसाद वाटतात. चेन्नईच्या घरोघरी त्याच दिवशी 'पानकम्' करतात. गुळाचे पाणी, त्यात सुंठ, वेलदोडा, कोठे मिरी, कोठे लिंबू. सुंठ तीच, राम तोच. आपण ती चिमटीने खातो, ते पेल्याने पितात. आपले 'पन्हे' हा शब्दही मूळच्या 'पानक' शब्दापासूनच आला आहे. तमिळ मुलखात मराठी घरे नवी नाहीत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले ह्यांनी तंजावरास राज्य स्थापिले, ते १८५५ पर्यंत टिकले. त्या दरबाराच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ पंडितांनी अन्नपाण्याच्या गुणदोषांची चर्चा करणारा 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पुढे तंजावरची कित्येक मराठी कुटुंबे मद्रासेत येऊन स्थायिक झाली. दोन्ही प्रांतांच्या चवी एका स्वयंपाकघरात नांदण्याची परंपरा अशी जुनी आहे. तेव्हा आपला पहिला सोडा पानकम्‌चाच करू.

पहिला प्रकार : पानकम् सोडा

साहित्य : ताडगूळ अथवा काळसर गूळ १५० ग्रॅम, पाणी १५० मिलिलिटर, सुंठपूड एक चहाचा चमचा, वेलदोडे सहा, मिरे चार, चिमूटभर मीठ, देतेवेळी लिंबू व थंड साधा सोडा.

कृती : गूळ फोडून पाण्यात घालावा आणि मंद आचेवर विरघळू द्यावा. विरघळल्यावर पातळ, स्वच्छ फडक्यातून गाळावा. गुळात, विशेषतः ताडगुळात, बारीक कचरा असतो. गाळलेले पाणी पुन्हा आचेवर ठेवून त्यात सुंठ, कुटलेले वेलदोडे व मिरे आणि मीठ घालावे. पाच मिनिटे उकळून उतरवावे. निवल्यावर पुन्हा गाळून कोरड्या बाटलीत भरावे. सुमारे २४० मिलिलिटर पाक तयार होईल. तो शीतकपाटात ठेवून दोन आठवड्यांच्या आत संपवावा.

देतेवेळी २०० मिलिलिटरच्या पेल्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर पाक आणि एक लहान चमचा लिंबाचा रस घालावा. पेला तिरपा धरून कडेने थंड सोडा सावकाश ओतावा. गुळामुळे फेस अधिक येतो, म्हणून घाई करू नये. आणि चमच्याने फार ढवळूही नये, नाहीतर वायू निघून जातो. एवढ्या पाकात सोळा पेले होतात आणि प्रत्येक पेल्यात साधारण ९ ग्रॅम गूळ पडतो. तितक्याच मापाच्या बाजारच्या पेयात २० ग्रॅमहून अधिक साखर असते, हे ध्यानात घ्यावे. आठवडाभराने पाकाचे माप हळूच पाऊण चमच्यावर आणावे. बहुधा कोणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसरा प्रकार : उपळसरीचा सोडा

चेन्नईत ज्याला 'नन्नारी' म्हणतात, ती म्हणजे आपली उपळसरी अथवा अनंतमूळ. तिच्या मुळ्यांना व्हॅनिलासारखा मधुर वास असतो. चेन्नईत ती 'नाट्टु मरुन्दु कडै', म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. महाराष्ट्रात काष्ठौषधी विकणाऱ्याकडे मागावी. ५० ग्रॅम मुळ्या अनेक पाण्यांनी धुऊन माती पूर्ण काढावी. त्या ठेचून आतील लाकडी गाभा टाकून द्यावा; वास सालीत असतो. ही साल अर्धा लिटर उकळत्या पाण्यात घालून, झाकून रात्रभर ठेवावी. सकाळी गाळून त्यात २०० ग्रॅम गूळ घालावा आणि पाणी निम्म्यावर येऊन किंचित चिकट होईपर्यंत आटवावे. निवल्यावर दोन लिंबांचा रस मिसळावा. पेल्याला दोन लहान चमचे पाक पुरतो. ही वनस्पती औषधी असल्यामुळे गरोदर स्त्रियांनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून ती रोज घेऊ नये.

तिसरा प्रकार : काळ्या द्राक्षांचा सोडा

ह्यात गूळही नाही आणि साखरही नाही. तेनी जिल्ह्यातील कंबम् खोऱ्यात होणारी काळी 'पन्नीर द्राक्षे' चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात येतात. अन्यत्र कोणतीही पिकलेली काळी द्राक्षे घ्यावी. अर्धा किलो द्राक्षे मिठाच्या पाण्यात काही वेळ ठेवून, मग साध्या पाण्याने दोनतीनदा चांगली धुवावी. अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर दहा मिनिटे शिजवावी, डावाने चेचावी आणि गाळावी. हा रस तीन दिवसांहून अधिक ठेवू नये. पेल्यात ५० मिलिलिटर रस, लिंबाचे काही थेंब आणि वर १५० मिलिलिटर सोडा. रंग असा गडद येतो, की मुले बाटलीचा आग्रह विसरतात. फळाची का होईना, पण सुमारे ८ ग्रॅम साखर ह्यातही असते. म्हणून एकावर दुसरा पेला नको.

कोकणातल्या वाचकांनी ह्याच रीतीने अमसुलांचा अर्क काढून सोड्यात घालावा. आवळा, करवंद, कैरी ह्या सर्वांना ही पद्धत चालते.

वायू कोठून आणावयाचा?

सोपा मार्ग म्हणजे दुकानातील साध्या सोड्याची बाटली. मात्र तिच्यावरील चिठ्ठी वाचावी. काही सोड्यांत सोडियमचे क्षार घातलेले असतात. चिमूटभर खाण्याचा सोडा आणि लिंबू एकत्र करून क्षणात फेस आणण्याची रीतही घरोघरी ठाऊक आहे. त्यातही सोडियम येतेच. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे दोन्ही टाळावे.

ज्या घरी वारंवार सोडा लागतो, तेथे सायफन किंवा सोडा करण्याचे यंत्र परवडते. एक लिटरच्या सायफनला ८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची एक नळकांडी लागते. ह्यासाठी तीन नियम पाळावे. पहिला, पाणी अगदी थंड असावे. ० अंश तपमानाचे पाणी आपल्या आकारमानाच्या १.७ पट वायू शोषते, तर ३० अंशांचे पाणी जेमतेम ०.६६ पट, चेन्नईच्या उन्हात तापलेल्या माठातल्या पाण्याचा सोडा मिळमिळीत का होतो, ते ह्यावरून कळेल. दुसरा, यंत्रात केवळ पाणीच भरावे; पाक वा रस भरल्यास फेस उफाळून झडप तुंबते. तिसरा, नळकांडी घेताना नाव पाहून घ्यावे. साय फेटण्यासाठी मिळणाऱ्या तशाच दिसणाऱ्या नळकांड्यांत नायट्रस ऑक्साइड हा निराळा वायू असतो. तो येथे चालत नाही.

आणि कोणत्याही परिस्थितीत बंद बाटलीत कोरडा बर्फ घालू नये. तो घन अवस्थेतील कार्बन डायऑक्साइड असून, त्याचा वायू होताना बाटली बाँबसारखी फुटते.

आंबवून केलेला सोडा

ज्यांना यंत्र नको, दुकानही नको, त्यांच्यासाठी निसर्गाने एक रीत दिली आहे. ताडाचा रस पहाटे उतरविला तर ती नीरा. मडक्याला आतून चुना नसेल, तर दुपारपर्यंत तिचीच ताडी होते. रसात पडलेले यीस्टचे सूक्ष्म जीव साखर खाऊन वायू आणि मद्यार्क तयार करतात, म्हणून हा पालट घडतो. आल्याच्या सालीवरही असेच जीव असतात. त्यांना हाताशी धरून आल्याचा सोडा करता येतो.

प्रथम विरजण लावावे. काचेची बरणी उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावी. तीत उकळून निवविलेले एक पेला पाणी, एक मोठा चमचा सालीसकट किसलेले ताजे आले आणि एक मोठा चमचा गूळ घालून फडके बांधावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन ह्या जीवांना मारक असते, म्हणून पाणी उकळलेलेच घ्यावे. रोज एक लहान चमचा आले व तेवढाच गूळ घालून ढवळावे. चेन्नईच्या उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुडबुडे दिसू लागतात. महाराष्ट्रातल्या थंडीत आठवडा लागतो. वर बुरशी धरली वा कुजका वास आला, तर मोह न करता सारे फेकून द्यावे.

मग एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम आले व ६० ग्रॅम गूळ घालून दहा मिनिटे उकळावे. पूर्ण निवल्यावर गाळून दोन लिंबांचा रस आणि चार मोठे चमचे गाळलेले विरजण घालावे. सोड्यासाठी वापरलेल्या जाड प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत, वर चार बोटे जागा सोडून भरावे आणि घट्ट झाकावे. दर काही तासांनी बाटली दाबून पाहावी. ती दगडासारखी टणक लागली की लगेच शीतकपाटात ठेवावी. उन्हाळ्यात त्याला दिवसही लागत नाही. काचेची बाटली ह्या कामी वापरू नये. आतील दाब बाहेरून कळत नाही. फुटलेल्या काचेने डोळा जाण्याचा धोका असतो. बाटली मोरीत धरून, झाकण थोडे थोडे सैल करीत उघडावी आणि तीनचार दिवसांत संपवावी.

आता मोकळेपणाने सांगावयाची गोष्ट. ह्या सोड्यात जेवढा वायू, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा मद्यार्क असतो. लिटरला ६ ग्रॅम वायू तयार होण्यास सुमारे १२ ग्रॅम साखर खर्च होते आणि सुमारे ६ ग्रॅम मद्यार्क उरतो. म्हणजे आकारमानाने अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिकच. आणि बाटली बाहेर राहिली तर आणखी. आपल्या देशातील २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय मद्यात मोडते. वायू कमी ठेवला, तर मद्यार्कही कमी राहतो. परंतु घरी तो मोजण्याचे साधन नसते. म्हणून आंबवलेला सोडा मुलांना, गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या मातांना आणि मद्य वर्ज्य असलेल्यांना देऊ नये. कुटुंबासाठी पहिले तीन प्रकारच योग्य. चौथा येथे दिला तो एवढ्याचसाठी, की 'घरगुती' आणि 'नैसर्गिक' म्हणून त्याची शिफारस सर्रास होते आणि ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

काही सूचना

एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. त्यातील जंतूंच्या बीजांपासून तान्ह्या बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तान्ह्यांना सोडाही नको.

सोडा आणि लिंबू दोन्ही आम्लधर्मी आहेत. दिवसभर घोट घोट घेत राहिल्यास दातांचे वरचे कवच झिजते. जेवणाबरोबर एकदा घ्यावा आणि मग साध्या पाण्याने चूळ भरावी. दात लगेच घासू नयेत; अर्धा तास जाऊ द्यावा.

जुलाब, उलट्या किंवा उन्हाची बाधा झालेल्याला सोडा हा उपचार नव्हे. त्याला क्षारसंजीवनीचे पाणी द्यावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

ज्यांना पोटात वारा धरतो वा जळजळ होते, त्यांनी सोड्याऐवजी पानकम् साध्या पाण्यात घ्यावे. मुळात ते तसेच आहे.

मुलांना सहभागी करा

ह्या सगळ्यात मुलांना दूर ठेवू नये. वेलदोडे कुटणे, पाक मोजणे, सोडा कडेने ओतणे ही कामे आठदहा वर्षांची मुले आनंदाने करतात. बाजारच्या बाटलीवरील चिठ्ठी त्यांच्याकडून वाचून घ्यावी. तेवढ्या मापाची साखर वाटीत काढून त्यांच्यासमोर ठेवावी आणि शेजारी घरच्या पेल्यातील गूळ ठेवावा. उपदेशाची गरज उरत नाही. आपल्या हाताने केलेल्या पेयाची चव मुलाला अधिक लागते, हा तर प्रत्येक घरचा अनुभव आहे.

अखेर एवढेच, की सोडा हा सणावारी, पाहुणे आले असता किंवा रविवारच्या दुपारी घ्यावयाचा पदार्थ आहे. रोजची तहान भागविण्यास माठातले पाणी आणि मीठ, आले, कढीपत्ता घातलेले पातळ ताक ह्यांना तोड नाही. चेन्नईकर त्या ताकाला 'नीर मोर' म्हणतात आणि भर उन्हाळ्यात रस्तोरस्ती मांडव घालून वाटसरूंना ते फुकट देतात. घरात ताकाची चरवी रोज भरलेली असेल, तर सोड्याची बाटली आठवड्यातून एकदाच निघेल. आणि जी एकदाच निघते, तिची गोडी अधिक.